सावित्रीबाई फुले : मोबाईलला विचारलेले प्रश्न आणि एका आयुष्याची गोष्ट



३ जानेवारी जवळ आली की आपल्या सगळ्यांच्या शाळेत एकच गडबड सुरू होते. बालिका दिन, सावित्रीबाई फुले जयंती, फोटोला हार, दोन-चार भाषणं. मुली साडी नेसून येतात, कपाळावर आडवं कुंकू लावतात आणि पाठ केलेल्या दहा ओळी घडाघडा म्हणतात. जन्म नायगावला, लग्न नवव्या वर्षी, १८४८ ला शाळा, लोकांनी शेण मारलं, प्लेगमध्ये निधन. टाळ्या. संपलं. दुसऱ्या दिवशी त्याच मुलीला विचारा, सावित्रीबाईंनी शिक्षण नक्की कुठे घेतलं, तर ती आपल्याकडे बघत राहते.

मीही अनेक वर्षं हेच करत आलो. या वेळी आमच्या खाप्याच्या शाळेत थोडं वेगळं करून पाहिलं. भाषण लिहून द्यायचं नाही असं ठरवलं. वर्गाच्या टेबलावर मोबाईल ठेवला, त्यातली आवाजावर चालणारी सोय सुरू केली आणि मुलींना सांगितलं, तुम्हाला सावित्रीबाईंबद्दल जे खरंच जाणून घ्यायचंय ते तोंडानं विचारा. फळ्यावर तीन रकाने आखले. पहिला, आम्ही काय विचारलं. दुसरा, मोबाईल काय बोलला. तिसरा, पुस्तकात काय सापडलं. तिसरा रकाना भरल्याशिवाय कुठलंही उत्तर वहीत उतरवायचं नाही, एवढाच नियम.

त्या तीन रकान्यांतून सावित्रीबाईंचं आयुष्य जसं उलगडत गेलं, तसंच इथे मांडतो.

पहिला प्रश्न : त्या शिकल्या कुठे?

सुरुवातीला मुली लाजत होत्या. मग एकीनं धीर करून विचारलं, सावित्रीबाईंचा जन्म कुठे झाला. मोबाईलनं लगेच सांगितलं. ३ जानेवारी १८३१, सातारा जिल्ह्यातलं नायगाव, वडील खंडोजी नेवसे पाटील. पुस्तकातही हेच होतं. तिन्ही रकाने जुळले आणि मुलींना हुरूप आला.

१८४० मध्ये त्यांचं लग्न पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी झालं. सावित्रीबाई ९ वर्षांच्या, जोतीराव १३ वर्षांचे. सासरी आल्या तेव्हा त्या शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्या काळी मुलीनं शाळेत जायचं ही गोष्टच कुणाच्या डोक्यात नसे. जोतीरावांची आई ते लहान असतानाच वारली होती आणि त्यांना सगुणाबाई क्षीरसागर यांनी आईच्या मायेनं वाढवलं होतं. जोतीराव शिकत होते. त्यांनी घरातच सावित्रीबाईंना अक्षरओळख करून दिली. पुढे त्यांनी रीतसर शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर त्या डी.एड. करूनच वर्गात उभ्या राहिल्या. आपल्या भाषणांत ही गोष्ट कधी येत नाही. आपण त्यांना एकदम शेणाच्या गोळ्यांसमोर उभं करतो. त्याआधी त्यांनी शिकवायचं कसं हे शिकून घेतलं होतं, हे शिक्षक म्हणून आपल्याला ठाऊक असायला हवं.

१८४८ मध्ये पुण्याच्या बुधवार पेठेत तात्यासाहेब भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. तेव्हा सावित्रीबाई १७ वर्षांच्या होत्या. आमच्या दहावीच्या मुलींपेक्षा जेमतेम एक-दोन वर्षांनी मोठ्या. हे फळ्यावर वजाबाकी करून काढलं तेव्हा वर्गात क्षणभर कुणी बोललंच नाही.

इथेच एक मजा झाली. मोबाईल म्हणाला, ही भारतातली मुलींची पहिली शाळा. सातवीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, सर, मग नगरला ज्या बाईंकडे त्या शिकल्या, ती काय होती? बरोबर आहे ना! पुस्तकं उघडली. मिशनऱ्यांनी मुलींसाठी शाळा त्याआधीच काढल्या होत्या. मुंबईत अमेरिकन मिशनची मुलींची शाळा १८२४ पासून होती. भिडेवाड्यातल्या शाळेचं मोठेपण वेगळं आहे. इथल्याच माणसांनी, इथल्याच मुलींसाठी, जातपात न बघता ती काढली आणि तिथे शिकवायला एक मराठी बाई उभी राहिली. तिसऱ्या रकान्यात आम्ही हे सगळं लिहिलं. पहिली हा शब्द खोडला नाही, पण त्याच्यापुढे कशात पहिली हे लिहिलं. मोबाईलला जे सांगता आलं नाही ते त्या मुलीनं नुसत्या विचारानं पकडलं.

दुसरा प्रश्न : शेण काहून फेकत होते?

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला बसलो तो सांगतो.

आमच्या वर्गात एक मुलगी आहे. हुशार, पण बोलत नाही. घरी बोलतात तशी आपली नागपुरी बोली बोलते आणि कुणी हसेल म्हणून गप्प बसते. त्या दिवशी सगळ्यांचं पाहून तीही पुढे आली आणि मोबाईलला विचारलं, लोकं सावित्रीबाईवर शेण काहून फेकत होते?

मोबाईलला काहून समजलं नाही. त्यानं भलतंच काहीतरी ऐकलं आणि तिसरीच माहिती सांगायला लागला. तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मुलं हसली. ती खाली मान घालून जागेवर जायला निघाली. मागून कुणीतरी म्हणालं, का म्हण ना, नीट मराठीत विचार.

मी तिला थांबवलं. मुलांना समजावून सांगितलं की हे यंत्र आधी आपला आवाज ऐकून त्याची अक्षरं करतं, मग ती अक्षरं घेऊन उत्तर शोधतं आणि शेवटी उत्तराचा पुन्हा आवाज करून ऐकवतं. जे शब्द त्यानं भरपूर ऐकलेले असतात ते त्याला लगेच कळतात. काहून हा शब्द त्याच्या कानावर पुरेसा पडलेला नाही. म्हणजे कमी आहे ती यंत्राच्या शिकण्यात. तिच्या बोलीत काही चुकलेलं नाही. तिची आजी, पणजी, खाप्यातलं सगळं गाव हाच शब्द बोलत आलंय.

मग तिचा प्रश्न मी तिच्याच शब्दात फळ्यावर लिहिला. काहून. आणि त्याचं उत्तर आम्ही मोबाईल बाजूला ठेवून शोधलं.

लोक शेण काहून फेकत होते? कारण बाईनं शिकणं म्हणजे धर्म बुडणं, अशी समजूत होती. शिकलेल्या बाईला वैधव्य येतं, ती घर बुडवते, असं लोक खरंच मानत. त्यात भर म्हणजे ही शिकवणारी बाई माळी समाजातली, आणि ती ज्यांना शिकवत होती त्यांत ज्यांना शिवायचं नाही अशा घरांतलीही मुलं होती. ज्याला वाचता येत नाही त्याला कागदावर काय लिहिलंय ते दुसऱ्याच्या तोंडूनच ऐकावं लागतं. कर्जाचा कागद असो की पोथी. तोच वाचायला लागला तर सांगणाऱ्याचा धाक संपतो. शेण होतं ते त्या धाकापायी. सावित्रीबाई पिशवीत दुसरं लुगडं ठेवत. शाळेत पोचल्यावर खराब झालेलं बदलत आणि शिकवायला सुरुवात करत.

हे ऐकल्यावर ती मुलगी म्हणाली, म्हणजे त्यांच्यावर बी हसतच होते न लोकं. मला पुढे काही बोलावं लागलं नाही.

घर सुटलं तेव्हा

बाहेरचा त्रास एकवेळ सोसता येतो, घरचा सोसणं अवघड. समाजाच्या दडपणापुढे जोतीरावांचे वडील गोविंदराव यांचा नाइलाज झाला आणि १८४९ मध्ये या दोघांना घर सोडावं लागलं. अशा वेळी उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला. फातिमा शेख या सावित्रीबाईंच्या सोबतीनं शिकवण्याच्या कामात होत्या.

फातिमा यांच्याबद्दल मोबाईलला विचारलं तर तो बरंच काही सांगतो. त्यातलं किती पक्कं आहे हे तपासताना आम्हाला सावित्रीबाईंचं एक पत्र कामी आलं. १८५६ च्या ऑक्टोबरमध्ये त्या आजारी पडल्या म्हणून माहेरी नायगावला गेल्या होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. त्यात पुण्याला आपल्यामागे फातिमावर कामाचा भार पडला असेल याची काळजी आहे. म्हणजे नाव आहे, काम आहे, मैत्रीही आहे. मुलींना मी एवढंच सांगितलं की पत्रात आहे तेवढं खात्रीनं लिहा. बाकीचं सापडेल तेव्हा लिहू.

त्याच पत्रात आणखी एक गोष्ट आहे. माहेरी भाऊच त्यांना बोलला, की तुम्ही दोघं जातीबाहेरची कामं करता, वाळीत पडलात, सोडून द्या हे. आजारी बहिणीला माहेरी हे ऐकावं लागलं. तिनं भावाला शांतपणे समजावून सांगितलं की आपला नवरा करतो ते लोकांच्या भल्याचं आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. शेवटी भावाचं मन वळलं. पालकहो, मला हा प्रसंग शेणाच्या प्रसंगापेक्षा मोठा वाटतो. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडे दुर्लक्ष करता येतं. सख्ख्या भावाकडे करता येत नाही.

शाळा मात्र वाढत गेल्या. १८५१ च्या जुलैमध्ये बुधवार पेठेतच चिपळूणकरांच्या वाड्यात, त्याच वर्षी सप्टेंबरात रास्ता पेठेत आणि १८५२ च्या मार्चमध्ये वेताळ पेठेत मुलींच्या शाळा निघाल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारनं जोतीरावांचा सत्कार केला. १८५४ मध्ये सावित्रीबाईंचा काव्यफुले हा कवितासंग्रह छापून आला. तेव्हा त्या २३ वर्षांच्या होत्या. पाटी हातात न धरलेली नऊ वर्षांची सून चौदा वर्षांत छापील पुस्तकाची कवयित्री झाली.

आणि याचं फळ लगेच दिसलं. त्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या शाळकरी मुलीनं महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये ज्ञानोदय या नियतकालिकात छापून आला. एक शाळकरी मुलगी सगळ्या समाजाला जाब विचारत होती. आपण वर्गात निबंध लिहायला देतो तेव्हा दहा ओळींचा नमुनाही सोबत देतो. मुक्ताला नमुना कुणी दिला नव्हता.

तिसरा प्रश्न आजीचा : तिला लेकरू नव्हतं का?

हा उपक्रम घरीही करायला सांगितला होता. आमच्या खाप्यात कन्हान नदीच्या काठानं जुनी कोष्टी वस्ती आहे. हातमागावर बायकांनी कांड्या भरायच्या आणि पुरुषांनी माग चालवायचा, असं ज्या घरांत चालत आलं त्यांतल्या अनेक आज्या शाळेत गेलेल्याच नाहीत. काहूनवाल्या मुलीची आजी त्यांतलीच. तिला वाचता येत नाही, पण मोबाईलशी बोलता येतं हे कळल्यावर तिला फार मजा वाटली.

आजीनं मोबाईलला सांगितलं, सावित्रीची गोष्ट सांग. मोबाईलनं सत्यवान-सावित्रीची कथा लावली. वड, यम, सगळं. आजी हात जोडून ऐकत बसली. नात शाळेतून आली तेव्हा आजीनं तिला सांगितलं, तुमच्या शाळेतल्या सावित्रीबाईची गोष्ट ऐकली, नवऱ्याले यमाच्या हातून परत आणलं म्हणे तिनं.

मुलीनं हे वर्गात सांगितलं तेव्हा सगळे हसले. मीही हसलो. पण घरी जाताना ते डोक्यातून जाईना. आजीला मोबाईलनं जे ऐकवलं ते तिनं खरं मानलं. दुसरं ती काय करणार होती? तिच्याकडे तिसरा रकानाच नव्हता. कारण तिसरा रकाना वाचता येणाऱ्यालाच भरता येतो.

हल्ली पालक मला विचारतात, सर, आता सगळं मोबाईल बोलून सांगतो, पोरांना वाचायची सवय कशाला लावायची? त्यांना मी आता या आजीची गोष्ट सांगतो. दुसऱ्यानं वाचून दाखवायचं आणि आपण मान डोलवायची, हीच तर १८४८ च्या आधीची गोष्ट होती. तेव्हा सांगणारा माणूस होता, आता यंत्र आहे. ऐकणाऱ्याला स्वतः वाचून पडताळता येत नसेल तर त्याची जागा तीच राहते.

नातीनं मग आजीजवळ बसून पुस्तकातून सावित्रीबाई वाचून दाखवल्या. आजी कांदे निवडत ऐकत होती. मध्येच आजीनं विचारलं, तिले लेकरू नव्हतं काय?

हा प्रश्न माझ्या वर्गात इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता.

सावित्रीबाई आणि जोतीरावांना मूल नव्हतं. त्या काळी मूल नसलं की दोष बाईचा आणि उपाय म्हणजे दुसरं लग्न. जोतीरावांनी ते केलं नाही. आणि या दोघांनी काय केलं? त्या वेळी तरुण विधवांची दशा फार वाईट होती. लग्न पुन्हा होणार नाही, केस कापलेले, घरातल्याच कुणा पुरुषानं फसवलं तर पोट लपवायचं आणि मूल जन्मलं की मारायचं, नाहीतर स्वतः विहिरीत उडी घ्यायची. जोतीरावांच्या ओळखीच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या एका ब्राह्मण विधवेच्या नशिबी हेच आलं. तिनं बाळ मारलं आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फसवणारा मोकळाच राहिला. यानंतर फुले पती-पत्नींनी आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. विधवांनी गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. १८८४ पर्यंत अशा ३५ बायका तिथे आल्याची नोंद जोतीरावांनी करून ठेवली आहे. त्यांची बाळंतपणं, जेवणखाण, रात्रीची जागरणं कुणी केली असतील? सावित्रीबाईंनीच.

या गृहाचं साल शोधताना मोबाईलनं एकदा १८५३ सांगितलं, एकदा १८६३. पुस्तकांतही दोन्ही साल सापडतात. बहुतेक चरित्रांत १८६३ आहे. आम्ही तिसऱ्या रकान्यात दोन्ही लिहिली. मुलांना हे आवडलं की सरांनाही एकच उत्तर सांगता आलं नाही.

१८७४ मध्ये काशीबाई नावाची अशीच एक विधवा तिथे आली. तिच्या मुलाला सावित्रीबाई-जोतीरावांनी दत्तक घेतलं आणि त्याचं नाव यशवंत ठेवलं. त्याला शिकवून डॉक्टर केलं. १८८९ मध्ये त्याचं लग्न सत्यशोधक पद्धतीनं लावून दिलं. नातीनं हे वाचून दाखवलं तेव्हा आजीच्या हातातला कांदा तसाच राहिला म्हणे. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, पुढचं वाच.

पाणी, दुष्काळ आणि टिटवं

१८६८ मध्ये फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला. त्याच वर्षी सावित्रीबाई नायगावला असताना एक ब्राह्मण मुलगा आणि एक महार मुलगी यांच्या प्रेमावरून गावकरी दोघांच्या जिवावर उठले. सावित्रीबाई धावत गेल्या, लोकांना इंग्रज सरकारच्या कायद्याची भीती घातली आणि दोघांचा जीव वाचवला. हेही त्यांच्या पत्रातूनच कळतं. ही पोरं त्यांच्या नात्यातली नव्हती.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. भटजीशिवाय, हुंड्याशिवाय, साध्या पद्धतीनं लग्नं लागू लागली. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात सावित्रीबाई जुन्नरकडच्या ओतूर भागात काम करत होत्या. तिथून एप्रिल १८७७ मध्ये लिहिलेल्या पत्रात लोकांचे हाल, सावकारांची मुजोरी आणि कार्यकर्त्यांची धावपळ असं सगळं आहे. तेव्हा त्यांचं वय ४६.

१८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघाताचा झटका आला आणि २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. अंत्ययात्रेच्या वेळी टिटवं कुणी धरायचं यावरून वाद झाला. यशवंत दत्तक, म्हणून भाऊबंदांनी त्याचा हक्क अडवला. तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या. टिटवं हातात धरून त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि त्यांनीच अग्नी दिला.

हे सांगताना मी मुलींना विचारलं, आपल्या गावात बायका घाटावर जातात का? सगळ्यांनी माना हलवल्या, नाही. साल कोणतं, तर १८९०. मी पुढे काही बोललो नाही. काही गोष्टी मुलींनी घरी जाऊन विचारलेल्या बऱ्या.

जोतीरावांच्या मागे त्या खचून बसल्या नाहीत. सत्यशोधक समाजाचं काम त्यांनी पुढे चालवलं. १८९३ मध्ये सासवडला झालेल्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. जोतीरावांच्या जीवनावरचं त्यांचं बावन्नकशी सुबोधरत्नाकर हे काव्यही याच काळातलं.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगनं थैमान घातलं. लोक गाव सोडून पळत होते, घरचे घरच्यांना शिवत नव्हते. सावित्रीबाईंनी यशवंतला बोलावून घेतलं. त्यानं पुण्याबाहेर हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. सावित्रीबाई रोगी शोधून तिथे आणू लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या गायकवाडांच्या मुलाला प्लेग झाल्याचं कळलं तेव्हा ६६ वर्षांच्या या बाईंनी त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात पोचवलं. त्यातच त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

मोबाईलला जे माहीत नव्हतं

शेवटच्या दिवशी मी मुलींना म्हटलं, आता आपल्या विदर्भातल्या बायकांबद्दल विचारा. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्याबद्दल मोबाईलनं बरंच सांगितलं. १८८२ मध्ये त्यांनी स्त्री पुरुष तुलना हे पुस्तक लिहिलं आणि त्यावर टीका झाली तेव्हा जोतीराव त्यांच्या बाजूनं उभे राहिले. मग जाईबाई चौधरी यांच्याबद्दल विचारलं. मोबाईल अडखळला आणि दुसऱ्याच कुणाची माहिती द्यायला लागला.

जाईबाई आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या. १८९२ मध्ये उमरेडला जन्मल्या. दुष्काळात घरचे नागपूरला आले. त्यांनी ओझी वाहायचं हमालीचं काम केलं. मिशनच्या एका बाईंच्या मदतीनं शिकल्या, शिक्षिका झाल्या. अस्पृश्य बाई आपल्या पोरांना शिकवते म्हणून लोकांनी ओरड केली आणि नोकरी गेली. त्यांनी १९२२ मध्ये नागपुरात संत चोखामेळा यांच्या नावानं मुलींची शाळा काढली. भिडेवाड्यात पेटलेला दिवा आपल्या अंगणापर्यंत असा आला. पण हे सांगायला मोबाईलला अडचण आली, कारण त्यांच्याबद्दल लिहिलेलं फार थोडं आहे. यंत्र स्वतःहून काही जाणत नाही. माणसांनी लिहून ठेवलेलं तेवढंच त्याला सापडतं. सावित्रीबाईंनी पत्रं लिहिली, कविता छापल्या, म्हणून आज त्यांच्याबद्दल इतकं तरी बोलता येतं.

म्हणून आमच्या मुलींनी या वर्षी एक काम हाती घेतलंय. आपल्या आजीला, शेजारच्या काकूंना, गावातल्या जुन्या बाईंना त्यांच्या आयुष्याबद्दल विचारायचं, त्यांचा आवाज मोबाईलवर घ्यायचा आणि मग ते वहीत लिहून काढायचं. काहूनवाल्या मुलीनं पहिली नोंद आणली. आजीचीच. त्यात काहून, मले, तिले, सगळं जसंच्या तसं आहे. मी एकही शब्द दुरुस्त केला नाही.

तुम्हालाही करून पाहायचं असेल तर

एकच मोबाईल पुरतो. शिक्षकाचा किंवा पालकाचा असावा आणि मोठं माणूस जवळ असावं. मुलांनी स्वतःचं नाव, पत्ता, नंबर मोबाईलला सांगू नये, हे आधीच समजावून द्या. प्रश्न मुलांचेच असू द्या, आपण सुचवू नका. नेट नसेल तर प्रश्न कागदावर जमवून ठेवा आणि नेट मिळालं की विचारा. तिसरा रकाना मात्र सोडू नका. ग्रंथालयातलं एखादं चरित्र, पाठ्यपुस्तक, काहीही चालेल, पण दोन ठिकाणी जुळल्याशिवाय वहीत उतरवू नका. आणि घरात वाचता न येणारं कुणी असेल तर मुलानं त्यांना रोज दहा मिनिटं वाचून दाखवावं.

आमच्या त्या आजीनं परवा नातीला विचारलं म्हणे, माझं नाव कसं लिहितात ते दाखव. नातीनं पाटीवर लिहून दाखवलं. आजी आता रोज कामं आटोपली की ते गिरवते.

तुमच्या वर्गात, तुमच्या घरी मुलांनी काय प्रश्न विचारले ते जरूर कळवा.